काकूंचे पाच शब्द

आमच्या संस्थेत दर उन्हाळ्यात म्हातारपणावर एक कोर्स भरतो. शिकायला येतात ती सगळी पंचविशीच्या आगेमागची पोरं. गुडघा दुखणं म्हणजे काय हे ज्यांना फक्त फुटबॉलमुळे ठाऊक, ती दिवसभर पेशी म्हाताऱ्या का होतात यावर तावातावाने भांडतात आणि संध्याकाळी जिना उड्या मारत उतरतात. मी या कोर्सची व्यवस्था बघते. म्हणजे पोरांच्या खोल्या, गाद्या, चहा, प्रोजेक्टरची वायर, कुणाचं पोट बिघडलं तर डॉक्टर आणि कुणाचं कुणाशी जमलं तर काणाडोळा. विज्ञानातलं मला फारसं कळत नाही. पण इतके उन्हाळे मागच्या बाकावर बसून काढल्यावर थोडं डोक्यात शिरलंच.

जे शिरलं ते असं. शरीरात हार्मोन नावाची रसायनं रक्तातून फिरत असतात. त्या हाका. वाढायला लाग, भूक लागू दे, हाड भक्कम कर, अशा. आणि पेशींमध्ये या हाका ऐकायला रिसेप्टर असतात. हाक आली की रिसेप्टरने ओ द्यायची, मग पेशी कामाला लागते. आमच्या कोर्सच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या पहिल्याच दिवशी पोरांना सांगतात, की म्हातारपणी हाका थांबतातच असं नाही; पुष्कळदा हाका चालू असतात आणि ओ द्यायला कुणी उरलेलं नसतं. हे वाक्य मला पाठ आहे. बाई खोकल्या तर पुढचं मी पूर्ण करू शकेन इतकं.

आता सलूनवाल्या काकांबद्दल.

कोर्समध्ये एक दिवस मापं घेण्याचा असतो. बाकीचे दिवस पोरं उंदीर आणि काचेच्या नळ्या यांच्यात डोकं घालून असतात, म्हणून बाईंचा हट्ट, की एकदा तरी त्यांनी अख्खा म्हातारा माणूस समोर बसवून बघावा. आसपासचे काही निरोगी ज्येष्ठ बोलवायचे, त्यांच्या हाताची पकड मोजायची, बोळातून चालायला लावायचं, हात न टेकता खुर्चीतून उठवायचं आणि शेवटी स्मरणशक्ती तपासायची. तीच माणसं दरवर्षी आली तर बरं, म्हणजे फरक कळतो. असे ज्येष्ठ शोधून आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी सरळ वडील केस कापायला जायचे त्या दुकानात गेले. बोलणारा, हसणारा आणि कुठेही यायला तयार असलेला माणूस हवा होता, आणि तो तिथे कात्री हातात घेऊन उभाच होता.

दुकान एका इमारतीच्या तळमजल्यावर, कोपऱ्यात. दोन खुर्च्या, त्यातली एक मागे कलली की परत सरळ होत नसे, म्हणून तिच्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या. एक लांबच्या लांब आरसा, कोपरा उडालेला. दाराजवळच्या बाकावर काकू टॉवेलांच्या घड्या घालत बसायच्या. काका विसरभोळे, आणि थोडेथोडके नाहीत. ज्याचे केस वीस वर्षं कापले त्याला नव्याने नाव विचारतील. एकदा एकाची मिशी ठेवायची होती ती उडवली आणि दाढी उडवायची ती ठेवली. दुकान चाललं ते काकूंच्या डोक्यावर. बाकावरूनच त्या सांगायच्या, "यांच्या कानावरचे जास्त काढू नका, मागच्या वेळी रागावून गेले होते." किंवा, "यांच्या मुलीचं लग्न आहे, नीट कापा." काका मान डोलवायचे आणि गिऱ्हाइकाला आरशातूनच म्हणायचे, की मी नुसता हात आहे, डोकं तिकडे बाकावर बसलंय.

मी कोर्सचं सांगितलं तेव्हा काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी विचारलं, सुई टोचतात का. नाही म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

पहिली काही वर्षं तो दिवस म्हणजे दोघांची सहल होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि पकड मोजायचं यंत्र असं दाबायचे की पोरं टाळ्या वाजवायची. जन्मभर कात्री चालवलेला हात तो. बोळात नेहमीच्या चालीने चाला असं सांगितलेलं असताना काकूंशी शर्यत लावायचे. मग स्मरणशक्ती. समोरचा पोरगा किंवा पोरगी सावकाश पाच शब्द वाचणार: खुर्ची, लिंबू, पूल, घोडा, आरसा. मग थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि मग विचारणार, मघाचे शब्द कुठले होते. काकू पाचही शब्द एका दमात सांगायच्या, दुकानात काय काय आणायचंय ते सांगावं तशा. काकांचा पूल हटकून राहायचा. खुर्ची, लिंबू, घोडा, आरसा, आणि मग छताकडे बघत बसायचे. घरी जाताना काकू फाटकापर्यंत चिडवत जायच्या, "यंदाही पूल वाहून गेला वाटतं." मी खिडकीतून ते ऐकायचे आणि मला तो दिवस आवडायचा.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी काका सामानाची पेटी घेऊन पुन्हा यायचे आणि वसतिगृहाच्या ओट्यावर ज्या पोरांना हवे त्यांचे केस कापून द्यायचे. हे त्यांनी आपणहून सुरू केलं होतं. ही मुलं परत आपापल्या घरी जाणार, आयांना वाटायला नको की इथे कुणी बघायलाच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रज्ञ होऊ घातलेली पोरं गळ्याला कापड गुंडाळून रांगेत बसायची आणि काका त्यांना लग्न कधी करणार ते विचारायचे.

मापं झाली की काका लगेच घरी न जाता वर्गात मागे येऊन बसायचे. त्यांना व्याख्यानं आवडायची. कळत काहीच नसे, पण हाक आणि ओ त्यांना एकदम पटलं होतं. दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे म्हणे. एका वर्षी बाईंनी उंदरांचा व्हिडिओ दाखवला. म्हातारे उंदीर, पाठीत वाकलेले, जागोजागी केस गेलेले, एका कोपऱ्यात बसून राहिलेले. मग त्यांच्या पेशींतले रिसेप्टर काही करून पुन्हा जागे केले होते, आणि तेच उंदीर चाकावर धावत होते, अंगावर केस चकचकीत. वर्गाने टाळ्या वाजवल्या. काकांनी शेजारच्या पोराला हळूच विचारलं, की माणसांना कधी. तो पोरगा मोठ्या उत्साहात म्हणाला, "लवकरच, काका."

त्या पोराच्या तोंडात मी त्या वेळीच बिस्किट कोंबायला हवं होतं. चोविसाव्या वर्षी माणसाला सगळंच लवकर वाटतं. त्याचं 'लवकरच' म्हणजे तो टक्कल पडून निवृत्त होईपर्यंत केव्हाही. काकांनी ते शब्दशः घेतलं आणि घरी घेऊन गेले.

यानंतरचं मला फार उशिरा कळलं, काकांनीच सांगितलं, पण सांगताना ते जागच्या जागी सांगितलेलं बरं.

काकूंचं डोकं त्याच सुमाराला ढिलं व्हायला लागलं होतं. घडी घातलेले टॉवेल त्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. एका गिऱ्हाइकाला त्याच्या वारलेल्या वडिलांची तब्येत विचारली. एकदा काकांनी सवयीने आरशातून विचारलं, "यांचे कसे कापायचे गं?" आणि बाकावरून काहीच आलं नाही. काकांनी वळून बघितलं तर काकू त्यांच्याचकडे बघत होत्या, शाळेत उत्तर न आलेलं पोर बघतं तशा. काकांनी गिऱ्हाइकाचे केस अंदाजाने कापले आणि कुणालाही काही बोलले नाहीत.

डॉक्टरकडे का नेलं नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. मीही विचारलं. त्याचं कारण आमच्या फळ्यावरच लिहिलेलं होतं: निरोगी ज्येष्ठ. काकांनी बघितलं होतं, की दरवर्षी येणाऱ्या एका जोडप्यातल्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना बोलावलं नाही. त्यावरून काकांनी मनाशी हिशेब मांडला. उंदरांचं औषध माणसांसाठी निघणार, लवकरच निघणार, आणि ते निघणार इथेच, याच इमारतीतून. मग ते आधी कुणाला देतील? इतकी वर्षं जे येतायत त्यांना. आपण रांगेत आहोत, पुष्कळ पुढे आहोत. आता काकू नापास झाल्या तर नाव कटणार आणि औषध येईल तेव्हा आपण दाराबाहेर. तेव्हा औषध येईपर्यंत काकूंना पास होत राहिलं पाहिजे. रांगेत उभं राहणाऱ्या माणसाने जसा विचार करावा तसाच त्यांनी केला. अशी रांगच नव्हती, हे त्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण असं कुणाला वाटेल हेच आमच्या डोक्यात आलं नाही.

काकांनी काकूंची शिकवणी सुरू केली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा शटर अर्धं खाली ओढायचे. काकूंना चांगल्या खुर्चीत बसवून गळ्याला कापड बांधायचे, कारण कापड बांधलं की त्या शांत बसत. मग केस विंचरता विंचरता शब्द. खुर्चीच्या हातावर थाप मारायची, खुर्ची. आफ्टरशेव्हच्या बाटल्यांच्या मध्ये एक लिंबू आणून ठेवलेलं असे, ते हातात द्यायचं, लिंबू. दोन बाटल्यांवर आडवा कंगवा ठेवायचा, पूल. घोड्याला टाळूवर जीभ आपटून टापांचा आवाज काढायचा, आणि काकू दरवेळी हसायच्या. मग समोर बोट, आरसा. आधी हे सगळं स्वतः काकांनाच पाठ करावं लागलं. ज्या माणसाला जन्मात पूल आठवला नाही, तो येताजाता पूल पूल पुटपुटत होता.

पुढच्या मापांच्या दिवशी काकूंनी पाचही सांगितले. आणि काकांनीही पाचही सांगितले. पोरं तर हरखूनच गेली. या वयात सुधारणा? एकाने लगेच आलेख काढून भिंतीला लावला. दुसऱ्याने तर्क लढवला की कात्री चालवण्यात बोटांना जो बारीक व्यायाम होतो त्याचा मेंदूवर परिणाम होत असणार, आणि मग दोन दिवस वसतिगृहात जो तो कात्री घेऊन जुनी वर्तमानपत्रं कातरत बसला. केर मला काढून घ्यावा लागला. बाई आलेखाकडे बघून नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, एका माणसावरून काही ठरत नसतं.

त्या दिवशी काकूंनी माझ्या वडिलांची चौकशी केली नाही. एरवी पहिला प्रश्न तोच असायचा. मला वाटलं, उन्हाने दमल्या असतील.

असे एक-दोन उन्हाळे निघाले. मग बाईंच्याच मनात आलं, की यादी जुनी झाली, येणाऱ्यांना पाठ झाली असणार, आता बदलू या. ढग, चावी, टोपली, मांजर, दिवा. असं दरवेळी बदलायला हवंच होतं, पोरांनी आधीपासून कटकट लावली होती. येणाऱ्यांना ते कळवायचा प्रश्न नव्हता; परीक्षेचा पेपर कोण कळवतं?

काकूंसमोर त्या वर्षी एक जाड चष्म्याची, हळू आवाजाची मुलगी बसली होती. काका शेजारच्या खुर्चीत, मी दाराशी पाण्याचे पेले लावत. चष्मेवालीने नवे शब्द सावकाश वाचले. काकूंनी मान डोलवली. मग हवा, उकाडा, जेवण झालं का, अशा गप्पा झाल्या. काकू हसत होत्या, हो हो म्हणत होत्या. मग चष्मेवालीने विचारलं, की मघाचे शब्द आठवतात का.

काकू ताठ बसल्या. "खुर्ची, लिंबू, पूल, घोडा, आरसा."

एका दमात, पूर्वीसारखे. घोड्यापाशी त्यांनी टाळूवर जीभ आपटून टापांचा आवाजही काढला. आणि शाबासकीसाठी काकांकडे बघितलं. काकांचेही ओठ त्यांच्याबरोबर हलत होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता. चष्मेवालीने हातातल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा आवाज आणखीच बारीक झाला. तिने पुन्हा विचारलं, की काकू, मी आत्ता म्हणाले ते शब्द. काकूंना वाटलं मुलीला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा तेच पाच शब्द मोठ्याने, सुटे सुटे करून सांगितले.

"बरोबर आहेत की सगळे," काका म्हणाले.

काकांनी चष्मेवालीच्या हातातला कागद उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि ते माझ्याकडे वळले. "पेपर बदलला का, ताई?"

मी हो म्हटलं. काकू अजून काकांकडे बघत होत्या, शाबासकीची वाट बघत. शेवटी काकांनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, छान सांगितलंस.

मोठ्या बाईंनी त्याच आठवड्यात ओळखीच्या डॉक्टरांकडे त्यांना पाठवलं. तपासण्या झाल्या. जे निघायचं होतं ते निघालं, आणि चांगलंच पुढे गेलेलं निघालं. बाईंनी काकांना आपल्या खोलीत बसवून शांतपणे सगळं समजावलं, आणि हेही सांगितलं, की आता काकूंना मापांसाठी आणायचे कष्ट घेऊ नका. काका खोलीतून बाहेर आले ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"म्हणजे नंबर गेला?"

मी विचारलं, कसला नंबर. मग ते सगळं त्यांनी सांगितलं, उंदीर, लवकरच, रांग, शिकवणी, बाटल्यांवरचा कंगवा. मी ऐकत होते आणि मला कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं. त्या बिस्किटवाल्या पोरावर, बाईंवर, चकचकीत उंदरांवर. मी काकांना सांगितलं, की अशी कुठली रांग नाही, कधी नव्हती, औषधही अजून नाही. त्यांनी विचारलं, मग इतकी वर्षं आम्ही कशासाठी येत होतो. मी म्हटलं, मापं द्यायला. दुसरं काय सांगणार होते? ते म्हणाले, बरोबर आहे, तुम्ही तसंच सांगितलं होतं.

मला वाटलं होतं शेवटच्या दिवशी ते केस कापायला येणार नाहीत. आले. पेटी उघडली, कापड झटकलं, ओट्यावर खुर्ची मांडली. त्या वर्षी लग्नाचं कुणाला विचारलं नाही. मोठ्या बाई खास खाली उतरून त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. खुर्चीत एक दांडगा पोरगा मान खाली घालून बसला होता. कात्री थांबली नाही.

"बाई, मी लपवलं नसतं तर?"

बाई म्हणाल्या, की आम्हाला लवकर कळलं असतं.

"मग काहीतरी केलं असतं ना तुम्ही?"

बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्या खोटं बोलता येईल का ते बघतायत. त्यांना येत नाही. मोठ्या हुशार बाई, जगभर फिरलेल्या, पण एक साधं खोटं त्यांच्याच्याने बोलवत नाही. त्या म्हणाल्या, की गोळ्या दिल्या असत्या. थोडे दिवस जरा बरे गेले असते, कदाचित तेही नाही. पण आज काकू जिथे आहेत तिथेच पोचल्या असत्या.

"नीट विचार करून सांगा."

"काका, तुमची काही चूक नाही."

आता कात्री थांबली. "चूक असू द्या ना, बाई," काका म्हणाले. "माझी चूक होती म्हणा. म्हणजे उपाय होता असं तरी होईल."

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. इतकी पुस्तकं, इतकी यंत्रं, इतके उंदीर, आणि त्या बिचाऱ्या ओट्यावर नुसत्या उभ्या. खुर्चीतला पोरगा हलतसुद्धा नव्हता, त्याचे एका बाजूचे केस कापायचे राहिले होते. काकांनी डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि दुसरी बाजू कापायला घेतली. अर्धे केस कापून कुणाला सोडता येत नाही.

त्या वर्षी मी त्यांच्या घरी पुष्कळदा गेले. दुकान जवळजवळ बंदच झालं होतं. ज्या खुर्चीत शिकवणी चालायची ती काकांनी घरी आणून खिडकीशी ठेवली होती, काकू तिच्यात बसायच्या. बाकीचे शब्द एकेक करून गेले, परगावी असलेल्या मुलाचं नाव गेलं, स्वतःचं गेलं, पण ते पाच राहिले. मी बाईंना विचारलं असं कसं. त्या म्हणाल्या, सहसा नवं आधी जातं आणि जुनं मागे राहतं, हे का राहिलं ते त्यांना सांगता येत नाही. काकूंचं सगळं घर पाच शब्दांवर चालायचं. तहान लागली की लिंबू. ऊन डोळ्यांवर आलं की आरसा. अंथरुणावर न्यायचं असलं की खुर्ची. पूल म्हणजे काय ते काकांनाही नीट कळलं नव्हतं, बहुतेक बाथरूम. आणि काका जरा नजरेआड झाले की त्या हाक मारायच्या, "घोडा!"

"ओ," काका स्वयंपाकघरातून म्हणायचे, आणि हात पुसत यायचे.

पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला हसू आवरेना. काकाही हसले. म्हणाले, "जन्मभर अहो म्हणायची. नाव कधी घेतलं नाही. आता निदान नाव तरी मिळालं. बढतीच आहे."

मग त्या पाचांनाही गळती लागली. एके दिवशी मी गेले तर काकांनी दारातच सांगितलं, की पूल गेला. "बघा, आमचा पूलच आधी वाहून जातो दरवर्षी," असं म्हणून ते हसायला लागले, आणि हसता हसता दाराच्या चौकटीला धरून रडायला लागले. मीही रडले. मग आत जाऊन चहा केला, आणि साखर कुठे आहे ते शोधण्यात बराच वेळ घालवला. लिंबू त्यानंतर गेलं. मग आरसा, खुर्ची. घोडा मात्र होता.

या उन्हाळ्यात मापांच्या दिवसाचे निरोप धाडताना मी काकांचं नाव गाळलं होतं. कसं बोलवायचं? पण ते आपणहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारची बाई काकूंजवळ थोडा वेळ बसली होती. पकडीचं यंत्र त्यांनी दाबलं, पण पोरांनी टाळ्या वाजवाव्यात असं काही झालं नाही. बोळातून ते नेहमीच्या चालीने चालले, सांगितलं होतं तसं. मग एका नव्या मुलाने शब्द वाचले, यंदा आणखी वेगळे, आणि गप्पा मारून विचारले. काकांनी पाचही बिनचूक सांगितले. तो मुलगा खूश होऊन म्हणाला, की काका, तुमची स्मरणशक्ती एकदम उत्तम आहे. काकांनी मान डोलवली, कुणी हवेबद्दल बोलावं तशी.

नंतर ते माझ्या खोलीत येऊन बसले. मी चहा मागवला. काकूंचं विचारलं. त्यांनी पेला हातात फिरवला आणि सांगितलं, की खातात, झोपतात, खिडकीबाहेर बघतात. हाक मारत नाहीत. मी म्हटलं, घोडासुद्धा? ते म्हणाले, नाही. बरेच दिवस झाले. ते स्वयंपाकघरात मुद्दाम जास्त वेळ थांबून बघतात, मग आपले आपण बाहेर येतात.

बोळात पोरं पुढच्या आजींचा हात धरून त्यांना खुर्चीतून उठवत होती. मला काकांना काहीतरी द्यायचं होतं, आणि माझ्या टेबलावर स्टेपलर आणि चहा याखेरीज काही नव्हतं.

"ताई," काका म्हणाले, "ते जुने शब्द तुम्हाला येतात ना?"

मी म्हटलं, येतात.

"एकदा म्हणता? परीक्षेला नाही. असंच. घरात आता कुणी म्हणत नाही."

मी चहाचा पेला खाली ठेवला. खुर्ची, मी म्हटलं. लिंबू. पूल. काका खाली बघत, मान डोलवत ऐकत होते.

"घोडा."

"ओ," काका म्हणाले, आणि खुर्चीतून अर्धे उठले.